मूकपटांचं गाव

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)



मुलं अमेरिकेत असली की आईवडिलांचा तिकडचा दौरा बहुधा ठरलेला असतो. सॅन फ्रान्सिस्कोचा तो तांबडा पूल, एखादं मोठं मत्स्यालय, जमलंच तर ग्रँड कॅन्यन आणि उरलेले दिवस नातवंडं सांभाळणं. २०१८ सालच्या उन्हाळ्यात मी मुलीकडे गेले तेव्हा माझाही दौरा असाच आखलेला होता. पुलावर फोटो काढले, मत्स्यालयात मासे पाहिले. पण तीन महिन्यांतून माझ्याबरोबर परत आलं ते मुलीच्या घरापासून पंधरा मिनिटांवर असलेलं एक लहानसं संग्रहालय. मूकपटांचं संग्रहालय. आज मी तुम्हाला तिथे नेणार आहे. आणि तिथून निघताना मला एका जुन्या चुकीची आठवण कशी झाली, तेही सांगणार आहे.

मुलगी राहते ते शहर फ्रीमाँट. सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्वेला आहे. तिथे भारतीय कुटुंबं इतकी की किराणा दुकानात पोह्यांच्या कपाटापाशी उभं राहिलं तर दहा मिनिटांत मराठी कानावर पडावं. हे शहर तसं नवं. १९५६ साली पाच लहान गावं एकत्र करून ते वसवलं. त्या पाच गावांपैकी एक नाइल्स. शहर वाढलं, रुंद रस्ते झाले, पण नाइल्स मात्र एका घळीच्या तोंडाशी आपलं जुनं रूप सांभाळून बसलं आहे. एकच मुख्य रस्ता. एका बाजूला बैठी दुकानं, समोर रेल्वेचे रूळ, मागे गवताळ डोंगर. दुकानं बहुतेक जुन्या वस्तूंची. कुणाच्या तरी आजीची चिनी मातीची भांडी, हातानं चालवायची शिवणयंत्रं, फुटक्या काचेचे कंदील. याच रांगेत ते संग्रहालय आहे, 'नाइल्स एसॅने सायलेंट फिल्म म्युझियम'.

आत पाऊल टाकलं आणि पहिला विचार आला, की एवढंच? एक लांबट खोली. भिंतींवर पिवळी पडलेली छायाचित्रं, काचेच्या कपाटात लाकडी कॅमेरे, कोपऱ्यात एक अवजड प्रोजेक्टर, आणि दारापाशी देणगीची पेटी. पगारी माणसांची वर्दळ नाही. गावातली आणि आसपासची हौशी मंडळी आळीपाळीनं येऊन दार उघडतात, माहिती सांगतात, झाडलोटही करतात. आम्हाला भेटले ते सत्तरीपुढचे एक गृहस्थ होते. माझी आठ वर्षांची नात प्रोजेक्टरकडे टक लावून पाहत होती. ते तिला म्हणाले, "हात लाव, चालेल. हा तुझ्या पणजोबांच्या वयाचा आहे." तेव्हाच मला वाटलं, इथे घड्याळाकडे पाहून चालणार नाही.

आता प्रश्न असा, की मूकपटांचं संग्रहालय हॉलिवूडमध्ये सोडून या आडगावात कसं? त्याचं उत्तर एका माणसाच्या गोष्टीत आहे.

त्याचं नाव गिल्बर्ट अँडरसन. जन्म १८८० चा. १९०३ साली 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' नावाचा जेमतेम बारा मिनिटांचा चित्रपट अमेरिकेत तुफान गाजला. त्यात या अँडरसननं तीन लहानसहान कामं केली होती. त्यातून त्याला एक गोष्ट कळली. लोकांना घोडे, बंदुका आणि पाठलाग पाहायला फार आवडतं. १९०७ साली शिकागोत जॉर्ज स्पूर या भागीदाराबरोबर त्यानं कंपनी काढली. स्पूरचा 'एस' आणि अँडरसनचा 'ए', म्हणून 'एस अँड ए', म्हणजेच एसॅने. पुढे अँडरसन स्वतःच पडद्यावर 'ब्राँको बिली' नावाचा काउबॉय झाला. वाट चुकलेला पण मनानं चांगला असा हा गडी लोकांनी डोक्यावर घेतला. पाश्चात्त्य सिनेमातल्या घोडेस्वार नायकांची जी मोठी परंपरा आहे, तिचा मूळ पुरुष हाच.

पण शिकागोत थंडी फार, आणि डोंगर नाहीत. त्या काळी चित्रीकरणाचा मुख्य दिवा म्हणजे सूर्य. ऊन हवं, ओसाड घळ हवी, घोडे दौडवायला जागा हवी, शिवाय माणसं आणि सामान ने-आण करायला रेल्वे हवी. या सगळ्या गोष्टी एका ठिकाणी शोधत शोधत अँडरसन १९१२ साली नाइल्सला येऊन थांबला. पुढच्या वर्षी इथे स्टुडिओ उभा राहिला, नटांना राहायला छोटी घरं बांधली. एकामागून एक चित्रपट, असा कारखाना चार वर्षं चालला. साडेतीनशेहून अधिक चित्रपट या एका गावात तयार झाले.

इथे मी मनातल्या मनात एक हिशेब मांडला. १९१२ साल. म्हणजे ज्या वर्षी अँडरसन या घळीत आला, त्याच वर्षी आपले दादासाहेब फाळके लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवून परत आले होते. आणि आम्ही उभे होतो त्या संग्रहालयाच्या मागच्या भागातलं एडिसन थिएटर बांधलं गेलं १९१३ साली. त्याच वर्षी ३ मे रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. आपण समजतो की सिनेमात ते फार पुढे आणि आपण मागाहून गेलो. पण त्या काळापुरतं पाहिलं, तर नाइल्स आणि दादर यांच्यात फार अंतर नव्हतं. दोन्हीकडे माणसं एका नव्या यंत्राशी झटत होती, आणि दोन्हीकडे सूर्य मावळला की काम बंद.

नाइल्सचं नाव आज जगाला माहीत असेल, तर ते मात्र अँडरसनमुळे नाही. १९१५ च्या जानेवारीत इथे एक पंचविशीचा इंग्रज नट आला. चार्ली चॅप्लिन. आधीच्या कंपनीत त्याला आठवड्याला दीडशे डॉलर मिळत होते. एसॅनेनं साडेबाराशे देऊ केले. नाइल्समध्ये त्यानं पाच चित्रपट केले आणि एप्रिलपर्यंत तो लॉस एंजेलिसच्या बाजूला निघूनही गेला. एवढा थोडा मुक्काम. पण त्या पाचांतला शेवटचा होता 'द ट्रॅम्प'. त्यातला तो भटक्या एका मुलीला दरोडेखोरांपासून वाचवतो, तिच्या घरी राहतो, तिच्यावर जीव जडवतो. मग तिचा प्रियकर येतो. भटक्या मुकाट्यानं आपलं गाठोडं उचलतो आणि आपल्याकडे पाठ करून मातीच्या रस्त्यानं लांब चालत जातो. आधी खांदे पडलेले, मग एकदम अंग झटकून, पाय उडवत. तो रस्ता याच घळीतला. आज तिथून मोटारी धावतात.

त्या गृहस्थांनी आम्हाला कपाटातला एक कॅमेरा उघडून दाखवला. मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. त्यामुळे हा भाग मला सगळ्यात आवडला, आणि तुम्हालाही सांगते.

हा कॅमेरा विजेवर नाही, हातानं चालायचा. बाजूला एक दांडा असतो. तो एकदा फिरवला की फितीवर आठ चित्रं टिपली जातात. सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा चित्रं. आता सिनेमाच्या फितीच्या एका फुटात बरोबर सोळा चित्रं मावतात. म्हणजे एका सेकंदाला एक फूट! कॅमेरामन मनात गाणं म्हणत दांडा फिरवायचे म्हणतात, हात एका लयीत राहावा म्हणून. पुढे बोलपट आले तेव्हा वेग ठरला सेकंदाला चोवीस चित्रांचा, कारण आवाज नीट उमटायला फीत जास्त वेगानं धावावी लागते. जुना मूकपट या नव्या यंत्रावर चढवला की सोळाचं काम चोवीसच्या गतीनं उरकलं जातं आणि माणसं तुरूतुरू धावताना दिसतात. आपण लहानपणी त्याला हसलो. वाटलं, तेव्हाचे लोक असेच काहीतरी बावळट चालत. दोष त्यांच्या चालण्यात नव्हता, तो आपल्या यंत्रात होता. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी होती ३ हजार ७०० फूट. त्या काळच्या गतीनं तासाभराचा खेळ. आजच्या यंत्राच्या गतीनं चाळीसच मिनिटांचा.

दुसरी गोष्ट रंगांची. त्या फितीला लाल रंग दिसतच नसे. लाल ओठ काळे पडायचे, निळं आकाश पांढरंफटक व्हायचं. म्हणून नटांच्या तोंडाला पिवळट लेप असे, आणि भुवया, डोळे गडद रंगवलेले असत. आणि हे चित्रपट नेहमी काळेपांढरे होते हाही आपला गैरसमज. तयार फीत रंगाच्या पाण्यात बुडवत. रात्रीचा प्रसंग निळा, दिव्याच्या उजेडातला पिवळसर, आगीचा तांबडा. नातीला हे फारच आवडलं. ती म्हणाली, "आजी, म्हणजे रंगीत पाण्यात धुतलेला सिनेमा!"

तिसरी गोष्ट जरा गंभीर आहे. एडिसन थिएटरच्या वरच्या अंगाला प्रोजेक्टरची मूळ खोली अजून आहे. त्या काळी अशा खोल्या म्हणजे जवळजवळ तिजोऱ्याच असत. भिंतींना आतून पत्रा, आणि पडद्याकडच्या झरोक्यांवर लोखंडी झडपा. त्या झडपा ज्या साखळीवर टांगलेल्या असत, तिच्यात थोड्या आचेनं वितळणाऱ्या धातूचा एक दुवा असे. आत आग लागली की दुवा वितळणार, झडपा धाडकन पडणार, आणि प्रेक्षक वाचणार. आतल्या माणसानं आपलं आपण पाहायचं.

एवढी भीती कशाची? तर फितीची. तेव्हाची फीत नायट्रेटची असे. कापसाच्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून जे द्रव्य होतं, त्याचीच. बंदुकीच्या दारूचं हे सख्खं भावंड म्हणा ना. तिच्या जळण्याला लागणारा प्राणवायू तिच्याच पोटात असतो. त्यामुळे ती एकदा पेटली की वाळू टाकून विझत नाही, पाण्यात बुडवली तरी जळत राहते. आणि पेटली नाही तरी ती सुरक्षित नाही. गरम, दमट हवेत ती आपोआप कुजते. आधी चित्र फिकट होतं, मग फीत चिकट होते, फोड येतात, घाण वास सुटतो आणि शेवटी डब्यात उरते तपकिरी भुकटी. १९५० च्या सुमारास ही फीत बनवणं थांबलं. तोवरचा जवळजवळ सगळा सिनेमा या अशा द्रव्यावर उतरवलेला होता.

पण श्रोतेहो, मूकपट नाहीसे झाले ते केवळ आगीनं आणि सडण्यानं नाही. मोठं कारण साधं आहे. ते कुणाला नको होते. बोलपट आला आणि एका रात्रीत मुका सिनेमा शिळा झाला. गोदामाचं भाडं कोण भरणार? फितीवरच्या लेपात चांदी असते, ती काढून घेण्यासाठी हजारो रिळं वितळवली गेली. उरलेली कुठे तरी पडून राहिली. १९३७ साली न्यू जर्सीत फॉक्स कंपनीच्या गोदामाला आग लागली आणि त्या कंपनीचे बहुतेक मूकपट एका रात्रीत संपले. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०१३ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. १९१२ ते १९२९ या काळात तिथे पूर्ण लांबीचे १० हजार ९१९ मूकपट निघाले. त्यांतले मूळ स्वरूपात शिल्लक आहेत फक्त १४ टक्के. पैसा, यंत्रं, मोठ्या कंपन्या सगळं असलेल्या देशाची ही गत.

खुद्द नाइल्सचं काय झालं? १९१६ च्या फेब्रुवारीत स्टुडिओ बंद पडला. अँडरसन आपला वाटा विकून बाजूला झाला आणि लोक त्याला विसरले. १९३३ साली स्टुडिओची इमारत पाडली. १९५८ साली ऑस्करवाल्यांनी अँडरसनला मानाचं खास पारितोषिक दिलं तेव्हा तो ७८ वर्षांचा होता. १९७१ साली तो गेला. ज्या गावात साडेतीनशे चित्रपट झाले, तिथे त्याची खूण म्हणून राहिली होती नटांची काही घरं, आणि हे बंद पडलेलं थिएटर. पुढे हौशी लोकांनी एकत्र येऊन ते पुन्हा उघडलं. जगभरातून कॅमेरे, प्रोजेक्टर, पत्रकं, छायाचित्रं गोळा केली. आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते असं, की त्यांनी या वस्तू नुसत्या काचेत मांडून ठेवल्या नाहीत. दर शनिवारी रात्री तिथे मूकपट दाखवायला सुरुवात केली, समोर पियानो वाजवणारा वादक बसवून.

त्या शनिवारी आम्हीही थांबलो. शंभरेक माणसं बसतील एवढं ते थिएटर. शेजारी पाजारी एकमेकांना हाका मारत होते, कुणी नातवंडं आणली होती. दिवे गेले, वर प्रोजेक्टर तडतडू लागला. आधी एक ब्राँको बिलीचा छोटा चित्रपट, मग 'द ट्रॅम्प'. सुरुवातीला नात माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आजी, आवाज बंद ठेवलाय का यांनी?" पाच मिनिटांनी तिचं ते बोलणं थांबलं. पियानोवाल्या बाईंसमोर कागद नव्हता. त्या पडद्याकडे पाहत होत्या आणि हात चालत होते. चार्ली धडपडला की सूर धडपडत. मुलगी हसली की सूर हसत. आणि शेवटी तो पाठमोरा रस्त्यानं निघाला, तेव्हा त्यांनी एकच स्वर हळूहळू वाजवत ठेवला. त्या अंधारात सगळे एकदम गप्प झाले. रस्ता बाहेरच होता, दोन मैलांवर. मला वाटलं, बाहेर पडलो तर तो अजून चालताना दिसेल.

खेळ संपल्यावर मी त्या बाईंपाशी गेले, छान वाजवलंत म्हणून सांगायला. त्यांनी विचारलं, "तुम्ही भारतातल्या ना? तुमच्याकडे मूकपटाला काय वाजवायचे?"

मी म्हटलं, "पेटी आणि तबला." त्यांनी पुढे विचारलं, "हो, पण काय वाजवायचे? घोडे धावताना काय, रडण्याच्या प्रसंगाला काय?" आणि श्रोतेहो, मी निरुत्तर झाले. वाईट याचं वाटलं, की या प्रश्नाचं उत्तर कधी काळी माझ्या घरात लिहून ठेवलेलं होतं.

माझे आजोबा मिरजेचे. विशीत असताना दोन-तीन वर्षं ते फिरत्या सिनेमाच्या तंबूत पेटी वाजवत. जत्रेच्या गावी तंबू लागायचा, पडद्याजवळ एका बाजूला पेटीवाले आणि तबलजी बसायचे. पाटी पडद्यावर आली की एक जण ती मोठ्यानं वाचून दाखवायचा, कारण समोरच्या बहुतेकांना वाचता येत नसे. पुढे १९३१ साली 'आलम आरा' आला, दुसऱ्या वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलू लागला, आणि पेटीवाल्यांचं काम संपलं. आजोबांनी किराणा दुकानात हिशेबनीस म्हणून जन्म काढला. त्यांच्याकडे एक लांबट वही होती. कुठल्या चित्रपटात कुठल्या प्रसंगाला काय वाजवायचं, ते त्यांनी त्यात टिपून ठेवलं होतं. लहानपणी मी ती चाळली आहे. त्यातली एकच ओळ मला आठवते. कुठल्याशा आगीच्या प्रसंगापुढे लिहिलं होतं, 'पेटी बंद, तबला चालू.'

१९७८ साली वाडा विकला. माळा मोकळा करायचा होता, आणि ते काम माझ्याकडे होतं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, विज्ञानाची पदवीधर, घाईत. दोन पोती कागद रद्दीवाल्याला घातले. त्यात ती वही गेली. किती पैसे आले तेही आठवत नाही. मी कुणावर रागावू? चांदीसाठी रिळं वितळवणाऱ्यांपेक्षा मी काही वेगळं केलं नाही. त्यांना निदान चांदी तरी मिळाली.

आपल्याकडे जे गेलं त्याचा हिशेब तर फार मोठा आहे. १९१३ ते १९३४ या काळात भारतात सुमारे तेराशे मूकपट निघाले. त्यांतले आज हाती आहेत तीसच्याही आत, आणि त्यांतही कित्येकांचे नुसते तुकडे. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं तेवढं उरलं आहे, आणि तीही रिळं १९१७ साली फाळक्यांनी पुन्हा केलेल्या चित्रपटाची असावीत असं काही अभ्यासकांचं मत आहे. बाबुराव पेंटरांचा १९२५ चा मूक 'सावकारी पाश', ज्याच्याबद्दल आपण एवढं वाचतो, तो आज कुणालाही पाहता येत नाही. जे वाचलं, त्याचं श्रेय फार थोड्या माणसांना जातं. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं १९६४ साली. म्हणजे बोलपट येऊन तेहतीस वर्षं झाली होती आणि फाळके जाऊन वीस. तिथले पी. के. नायर गावोगाव, घरोघर, गोदामागोदामांतून रिळं शोधत फिरले. फाळक्यांच्या चित्रपटांचे अवशेष त्यांनी मिळवून जोडले, म्हणून १९१९ चा 'कालिया मर्दन' आज आपल्याला पाहता येतो. त्यात फाळक्यांची चिमुरडी मंदाकिनी कृष्ण झाली आहे, आणि चित्रपटाच्या आरंभी तिच्या चेहऱ्यावरचे भाव एकामागून एक दाखवले आहेत. शंभर वर्षांपूर्वीचं ते मूल आजही आपल्याकडे पाहून हसतं. एवढं करूनही, जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेटच्या रिळांना आग लागलीच.

मुंबईत २०१९ साली गुलशन महालात भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय सुरू झालं. मोठी संग्रहालयं हवीतच. पण नाइल्सनं मला शिकवलं ते निराळं. तिथल्या लोकांनी सरकारची वाट पाहिली नाही. आपल्या गावात काय घडलं होतं, ते त्यांनी विचारलं आणि शोधलं. आणि चित्रपट जसा पाहिला जायचा तसा, माणसांनी भरलेल्या खोलीत, जिवंत संगीतासह, दाखवत राहिले. आपल्याकडे कोल्हापूर आहे, पुणे आहे, नाशिक आहे, दादर आहे. ज्या ज्या गावी तंबू लागले, त्या प्रत्येक गावाला काही ना काही आठवत असेल.

त्या रात्री घरी आल्यावर मी मिरजेला आत्याला फोन लावला. आत्या तेव्हा ८६ वर्षांची होती. तिला सगळी हकिगत सांगितली, वहीबद्दल रडून घेतलं. ती शांतपणे म्हणाली, "अगं, वही गेली तर गेली. आम्हा पोरांना झोपवताना आण्णा तेच तर वाजवायचे. घोड्यांचं निराळं, राक्षसाचं निराळं. थांब, म्हणून दाखवते." आणि तिनं फोनवर म्हणून दाखवलं. शब्द नाहीत, नुसती पेटीची चाल तोंडानं. मुलीनं ते मोबाइलवर मुद्रित करून घेतलं. पुढच्या आठवड्यात आणखी दोनदा फोन केला. सगळं मिळून अकरा मिनिटं भरली. चाली पाच आहेत. सहावी तिला अर्धीच आठवली.

म्हणून शेवटी चार साध्या गोष्टी सांगते. घरात सिनेमाची जुनी पत्रकं, गाण्यांची पुस्तकं, छायाचित्रं असतील तर रद्दीत घालण्याआधी कुणा जाणत्याला दाखवा. छायाचित्रामागे पेन्सिलीनं नाव आणि साल लिहा. पेनाची शाई पुढे उमटते. जुन्या सिनेमाची रिळं सापडली, विशेषतः १९५० च्या आधीची, तर ती उन्हात, स्वयंपाकघराजवळ ठेवू नका, प्रोजेक्टरवर चढवू नका, पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाला कळवा. आणि घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर वहीची वाट पाहू नका. त्यांच्यापाशी बसा, विचारा आणि टिपून घ्या.

आत्याची ती अकरा मिनिटं आता मी तीन निरनिराळ्या ठिकाणी जपून ठेवली आहेत. त्यातली एक प्रत नाइल्सच्या त्या पियानोवाल्या बाईंना पाठवली, सोबत एक चिठ्ठी लिहून. चिठ्ठीत प्रत्येक चालीपुढे प्रसंग लिहिला आहे. आणि आगीच्या प्रसंगापुढे, कारण तिथे चालच नाही, आजोबांची ओळ लिहिली आहे: पेटी बंद, तबला चालू.